हळदीच्या हातांचं इंग्रजी

मार्च लागला की माझे हात दुखायला लागतात. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे, सांध्यांचं आहे, मार्चशी त्याचा काही संबंध नाही. नसेल. पण थंडी सरली, दुपारचं ऊन गॅलरीतल्या फरशीवर येऊन बसलं आणि खालच्या मजल्यावरून कुणाच्या तरी पाठांतराचा आवाज आला, की बोटांच्या पेरांतून एक जुनी कळ सुरू होते. मग मी चहा करते, कप दोन्ही हातांनी धरते आणि बसून राहते. आता काम तरी दुसरं काय उरलंय? नोकरी संपली, मुलं आपापल्या घरी गेली. कामोठ्याच्या या तिसऱ्या मजल्यावर मी आहे, पंखा आहे आणि दरवर्षी न चुकता येणारा हा परीक्षेचा महिना आहे.

परवा शेजारची ऋचा आली. यंदा दहावीला आहे. केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं, चेहऱ्यावर साऱ्या जगाचा कंटाळा.

"काकू, मम्मी बोलली तुमचं इंग्लिश भारी आहे. माझे इडियम्स घ्या ना. तिला आज ऑफिसचं टेन्शन आहे."

"कुठले घेऊ?"

"हँडचे. सगळे हँडचेच आलेत यार. एवढे हात लागतात कुणाला?"

मी चष्मा लावला, तिचं पुस्तक हातात घेतलं आणि पहिलाच वाचला, 'लेंड अ हँड'. वाचताना माझा आवाज आपोआप वर चढला आणि हेलकावे खात खाली आला. ऋचा बघतच राहिली.

"काकू, तुम्ही हे गाऊन का म्हणताय?"

काय सांगणार होते मी त्या पोरीला? म्हटलं, "आमच्या वेळी असंच शिकवायचे." तिला ते खरं वाटलं असावं, कारण आमच्या वेळी काहीही होत असेल अशी या मुलांची खात्रीच असते. ती पाठ करून गेली. मी मात्र बराच वेळ त्या खुर्चीतून उठले नाही.

आमच्या वेळी असं कुणी शिकवत नव्हतं, हे उघड आहे. आमच्या वेळी मुळात कुणी काही शिकवत होतं का, हाच प्रश्न आहे. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. खाडीकाठी आमचं गाव. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि लांब वाशीकडे बघितलं की नव्या इमारतींचे सांगाडे. नवं शहर येणार म्हणून जमीन गेली होती. बाबा जन्मभर मिठागरात राबलेले. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून त्यांचे गुडघे गेले होते, टाचांच्या भेगा कधी बुजत नव्हत्या. जमिनीच्या बदल्यात घरटी एका माणसाला नोकरी, अशी बोली होती. दहावी झालेल्याला टेबल, न झालेल्याला कुदळ. पावसाच्या आधी घराघरातून नाव द्यायचं होतं.

मला भाऊ नाही. दहावीला मी आदल्या वर्षी बसले होते आणि इंग्रजीत गचकले होते. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी तेवढं मानेवर राहिलं. म्हणजे गोष्ट सरळ होती. मार्चमधला तो एक पेपर मी सोडवला तर नाव माझं लागणार, नाही तर बाबांचं. आणि ते गुडघे घेऊन बाबा कुदळ मारायला उभे राहिले असते तर पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं असतं. हे आमच्या घरात कुणी तोंडावर आणत नव्हतं. संध्याकाळी बाबा ओटीवर गुडघ्यांना तेल चोळत बसायचे, त्यांच्या समोर मी पुस्तक घेऊन बसायचे आणि माझी आय चुलीपाशी बसून आमच्याकडे आळीपाळीनं बघायची. त्या बघण्यानं माझा जीव अर्धा व्हायचा.

वाशीच्या एका नव्या इमारतीत शिंदेबाई राहायच्या. मूळच्या कराडकडच्या, यजमानांची तुर्भ्याला कारखान्यात नोकरी. आय त्यांच्या दारावर मासळी घेऊन जायची. बाईंच्या घरात मासळीचं कौतुक नव्हतं, पण आयशी गप्पा मारायला त्यांना आवडायचं. नव्या गावात त्यांना दुसरं कोण होतं बोलायला? एकदा आयनं माझं रडगाणं त्यांच्याकडे गायलं. "पाठवा की पोरीला, त्यात काय एवढं," बाई म्हणाल्या. झालं, मी जायला लागले. आठवड्यातून काही दुपारी, एस.टी. मिळाली तर एस.टी.नं, नाही तर बांधावरून चालत हायवे गाठायचा आणि मग मिळेल त्या वाहनानं. बाईंच्या घरी पोचेपर्यंत मी इतकी दमलेली असायची की पहिली पाच-दहा मिनिटं त्या मला काही विचारायच्याच नाहीत. माठातलं पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी जरा टेक."

बाईंची एक पद्धत होती. वाक्प्रचार त्या अवयवांप्रमाणे शिकवायच्या. आधी हात, मग डोळे, मग पाय, सगळ्यात शेवटी डोकं. "सगळा माणूस एकदम कशाला घ्यायचा अंगावर? तुकड्यातुकड्यानं घेऊ," म्हणायच्या. आम्ही हातांपासून सुरुवात केली. डोळ्यांपर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही, कारण मध्ये आमच्या गावची लग्नसराई आली.

पण हात मात्र बाईंनी पक्के करून घेतले. 'हँड टू माउथ' मला समजावून सांगावं लागलं नाही. हातावर पोट म्हणजे काय, ते मला आमच्या घरात दिसतच होतं. 'माय हँड्स आर टाइड' हे पंचायतीतल्या माणसांच्या तोंडी मराठीत ऐकलेलं होतं. गोंधळ व्हायचा तो छोट्या छोट्या शब्दांचा. पेपर लिहून झाला की तो वर देणं, ते 'हँड इन'. तेच कागद वर्गात वाटणं, ते 'हँड आउट'. घर सोडताना किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात देणं, ते 'हँड ओव्हर'. सासूनं आपल्या पाटल्या सुनेला देणं, ते 'हँड डाउन'. एकदा मी वैतागलेच.

"बाई, ह्याच्यात सगलं देनंच हाय. घेनं कुठं हाय?"

बाई हसता हसता पदर तोंडाला लावून बसल्या. म्हणाल्या, "इंग्रजानं घेताना कधी सांगून घेतलंय का, बाई?"

आणि एक होता, 'चेंज हँड्स'. एखादी मालमत्ता या हातातून त्या हातात जाणं. आमच्या खाचरांचं जे झालं ते या दोन शब्दांत मावत होतं, याचं मला फार नवल वाटलं. घरी येऊन मी बाबांना त्याचा अर्थ सांगितला. ते "हां" म्हणाले आणि तेलाची वाटी त्यांनी उगाच इकडची तिकडे सरकवली. तेव्हापासून मी त्यांना अर्थ सांगणं बंद केलं.

आता या वयात वाटतं, दुसऱ्याच्या भाषेतले हात शिकायला किती त्रास घेतला मी! आपल्या भाषेतले हात कुणाला शिकावे लागतात? हात टेकले, हात झटकले, हातघाईवर आले, हे सगळं आपण कधी शिकलो ते आठवतसुद्धा नाही. माझ्या आयला विचारलं असतं तर तिनं हाताचे असे ढीगभर सांगितले असते आणि एकाचाही अर्थ सांगितला नसता. "तेच्यात सांगाचं काय?" एवढंच म्हणाली असती.

आमच्या गावात लग्न एका घराचं कधीच नसतं. हळद कुटायची, तांदूळ दळायचे, भाकऱ्यांच्या चळती थापायच्या, हे सगळं घरटी एक बाई येऊन करते. पत्रिका-बित्रिका पुढची गोष्ट. लग्नघरची बाई आदल्या दिवशी दारोदार फिरते, उंबऱ्याबाहेरूनच हाक देते, "उंद्या या गो कुटाला!" की झालं. प्रत्येक घरातून एक बाई निघालीच पाहिजे. तुमच्या घरातली गेली नाही तर तुमच्याकडे कार्य निघेल तेव्हा तुमच्या मुसळाला हात लावायला कुणी येणार नाही, असं म्हणत. असं कधी कुणाच्या बाबतीत झालेलं मी पाहिलं नाही. पण ती वेळ आपल्यावर येऊ नये, ही भीती सगळ्या बायकांच्या मनात असायची.

त्या वर्षी बेबीचं लग्न निघालं. बेबी म्हणजे शेजारच्या घरातली, माझ्या बरोबरीची, माझी मैत्रीण. तिच्या हळदीचं कुटणं माझ्या इंग्रजीच्या पेपराच्या आदल्या दिवशी आलं. यात कुणाचा काही दोष नव्हता. आमच्या घरातून आय जाणार, हे ठरलेलंच होतं. पण त्याच आठवड्यात ओहोटीला कालवं काढताना तिचा हात खडकावर आपटला. कालवांच्या शिंपल्यांची धार सुरीसारखी असते. तळहात उभा चिरला, मग त्यात पू झाला, हात कोपरापर्यंत सुजला. डॉक्टरनं पट्टी बांधून दिली आणि पाण्यात घालायचा नाही म्हणून सांगितलं.

बेबीची आय हाक देऊन गेली तेव्हा आम्ही तिघं घरातच होतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी जातंय येका हातानं," आय म्हणाली. "तू पुस्तक सोरू नको."

"येका हातानं मुसल उचलतं का, आये?"

"तं भाकऱ्या शेकीन."

"पट्टी जालाशी धरशील?"

मी पुस्तक बंद केलं. खरं सांगायचं तर कुटायच्या दिवशी घरात बसून मी काही दिवे लावले नसते. शब्द सगळे डोक्यात होते, पण भीतीनं एकमेकांत मिसळत होते. आणि बेबी तिकडे हळदीला बसणार आणि आमच्या घरचं कुणीच नाही, हे माझ्या मनाला पटेना. दुपारी जाऊन लवकर परत येईन म्हटलं आणि गेले.

मांडवात उखळं मांडली होती. मुसळांना आंब्याची पानं बांधलेली. बाबांची बहीण पारूआत्या मध्यभागी बसली होती. ती गावची धवलारीण. आमच्या लग्नात भटजी उशिरा येतो, आधी धवलारीण लागते. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नातला एकेक विधी ती गाण्यातून सांगत जाते आणि बाकीच्या बायका तिच्या मागून ओळ उचलतात. आत्याला अक्षरओळख नव्हती. आवाज मात्र असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. आणि जीभ तिखट.

मी मुसळ घेतलं आणि घाव घालता घालता तोंडातल्या तोंडात आपलं चालू केलं. 'हँड इन, हँड ओव्हर...' आत्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

"हिरे, कं पुटपुटतंस गो? देवाचं नाव घेतंस का आमाला शिव्या देतंस?"

"इंग्रजी हाय, आते. उंद्या पेपर हाय माझा."

"मंग मोठ्यानं बोल. आमी पन ऐकू दे तुजं इंग्रजी."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "लेंड अ हँड."

"म्हंजे कं?"

"हातभार लावनं."

"ऐका!" आत्या म्हणाली. "मंग आपन कं करताव हितं सकालपासून? आपन समदी इंग्रजीच कुटताव की!"

बायका खो खो हसल्या. आणि आत्यानं तोच शब्द उचलला आणि धवल्याच्या चालीत घातला. 'लेंड अ हँड गो बायांनो, लेंड अ हँड...' तिच्या तोंडी ते जरा वेगळंच झालं होतं, पण चाल पक्की होती. मागून बायकांनी ओळ उचलली आणि मुसळं तालात पडायला लागली. मग मला सुटका नव्हती. एक झाला की आत्या म्हणे, "दुसरा काढ." 'अपर हँड' म्हणजे वरचढ हात म्हटल्यावर बेबीच्या मावशीनं विचारलं, "ह्या लग्नात वरचर हात कोनाचा गो मंग?" आणि सगळ्या एका सुरात ओरडल्या, "नवऱ्याच्या आयचा!" 'आउट ऑफ हँड' म्हणजे हाताबाहेर गेलेलं सांगितलं तर एका म्हातारीनं मुसळ थांबवून आपल्या जावयाचं नाव घेतलं. हळदीला बसायची असलेली बेबी आतून दारात येऊन उभी राहिली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचंच होतं की दुसऱ्या दिवशी घर सुटणार म्हणून आलं होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

त्या दुपारी माझे सगळे हात पाठ झाले. बाईंच्या घरी इतक्या दुपारी घालवून जे गोंधळत होते ते एका बैठकीत सरळ झाले. चालीत घातलेला शब्द हलत नाही. संध्याकाळी उठले तेव्हा खांदे भरून आले होते, तळहातांना फोड आले होते, पण मन इतकं हलकं होतं की काय सांगू.

हात मात्र पिवळेजर्द झाले होते. लिंबू चोळलं, चिंच चोळली, राखेनं घासले, खोबरेल लावून पुसले. कुटलेली हळद अशी जात नाही. नखांत बसते, रेघांत बसते. आय म्हणाली, "असू दे, शुभ असतं." मलाही तसंच वाटलं.

परीक्षेचं केंद्र वाशीच्या एका शाळेत होतं. घामाघूम होऊन पोचले. पर्यवेक्षक सर चष्म्यावरून बघणारे, आवाज कोरडा. पेपर वाटायच्या आधी त्यांनी नियम वाचून दाखवले. त्यात एक होता, की उत्तरपत्रिकेवर परीक्षार्थीची ओळख पटेल अशी कोणतीही खूण असता कामा नये, असल्यास ती बाद धरली जाईल. हा नियम मी आदल्या वर्षीही ऐकला असणार. पण तेव्हा माझ्याकडे खूणच नव्हती.

मी लिहायला लागले. पेपर सोपा वाटत होता. वाक्प्रचार वाक्यात वापरा, असा प्रश्न होता आणि त्यात माझा हात होताच, 'लेंड अ हँड'. मी झटकन लिहिलं की आमच्या गावात लग्न असलं की प्रत्येक घर हातभार लावतं. लिहिताना मनात चाल चालू होती, खोटं कशाला बोलू. पान उलटायला गेले आणि थबकले. समासात माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला होता. स्वच्छ, रेघ न रेघ दिसणारा. घामानं हातावरची हळद सुटत होती. मी पदरानं पुसलं तर डाग पसरला. मागचं पान बघितलं, तिथेही होता. जिथे जिथे हात टेकला होता तिथे तिथे होता.

पांढऱ्या कागदाच्या गठ्ठ्यात माझा कागद तेवढा हळद लागलेला. शिवाय आत लिहिलंय काय, तर आमच्या गावात लग्नाला प्रत्येक घर येतं. अजून ओळख ती काय द्यायची राहिली होती?

मी हात वर केला. सर आले, कागद बघितला, मग माझे हात बघितले.

"लग्न झालं का कालच?"

"माझं नाय, सर. शेजारी होतं. हलद कुटाला गेलेले."

"परीक्षेच्या आदल्या दिवशी?"

आजूबाजूच्या मुली बघत होत्या. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "मी काही सांगू शकत नाही. तपासणारे काय समजतील ते समजतील. लिहा आता, वेळ जातोय." आणि ते पुढे गेले. माझा हातरुमाल मी कागदाखाली धरला आणि उरलेला पेपर बोटांच्या टोकांनी पेन धरून लिहिला. शेवटी कागद त्यांच्या हातात देताना मनात आलंच, हे 'हँड इन'. पण चाल आता बंद पडली होती.

तो उन्हाळा मला अजून अंगावर आल्यासारखा वाटतो. लग्नं एकापाठोपाठ एक चालू होती. रोज कुठून तरी ढोल ऐकू यायचा. आयचा हात बरा झाला, करंगळी मात्र वाकेनाशी झाली. तरी तीच जाऊ लागली कुटायला. मी काही ना काही कारण काढून घरी राहायची. गावात सगळीकडे हळदीचा वास आणि मला तो वास आला की मळमळायचं. बाबा विचारायचे, "पेपर कसा गेला?" मी म्हणायची, "गेला." शिंदेबाईंकडे गेले नाही. त्यांनी शिकवलेलं सगळं मला आलं होतं आणि तरीही सगळं पाण्यात गेलं असेल, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

एकदा दुपारी कोलंबी सोलता सोलता मी आयला सांगून टाकलं. मनात ठेवून ठेवून दमले होते. तिनं हातातली कोलंबी खाली ठेवली. मग स्वतःचा तळहात उघडून त्यावरच्या चिरेकडे बघत म्हणाली, "मीच घालवला तुझा पेपर." मी किती समजावलं, तिला पटलं नाही. संध्याकाळी ती उठून पारूआत्याकडे गेली. काय बोलल्या दोघी ते मला माहीत नाही. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

निकाल लागला त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. मी पास झाले होते. जेमतेमच, पण पास. त्या पिवळ्या ठशांचं काय झालं कुणास ठाऊक. तपासणाऱ्यानं दुर्लक्ष केलं असेल, किंवा त्याच्याही घरी त्या दिवसांत लग्न असेल. पुढे इतकी वर्षं कागदांत घालवल्यावर मला कळलं, की कुठल्याही कागदावरच्या डागाकडे बघायला सहसा कुणाला वेळ नसतो. पण हे त्या उन्हाळ्यात मला कोण सांगणार होतं? घरी आले आणि निकाल सांगितला. आय देवापुढे बसली. बाबा ओटीवर नेहमीसारखे गुडघे चोळत होते. तसंच चोळता चोळता म्हणाले, "आता तेल कमी लागंल." त्यांच्या आयुष्यातलं त्यांनी माझं केलेलं सगळ्यात मोठं कौतुक ते हेच.

नाव माझं लागलं. टेबल मिळालं. पुढे न्हावा शेव्याला बंदर झालं तेव्हा मी त्या बाजूच्या एका कचेरीत गेले आणि तिथूनच सुटले. कंटेनर यायचे, जायचे, कागद यायचे, जायचे. 'हँडेड ओव्हर' एवढे दोन शब्द किती वेळा लिहिले असतील त्याला गणती नाही. हातांची जी काय वाट लागली ती त्यातच. तक्रार नाही. बाबा कुदळीवाचून गेले, ही काय कमी गोष्ट आहे? पण थकवा आला की माणसाला नेमकं आठवू नये तेच आठवतं. मला त्या मोसमातलं शेवटचं लग्न आठवतं.

निकालानंतर लगेचच होतं. पावसाच्या आधीची शेवटची तिथी. आमच्याच आळीत, ओळखीच्या घरात. घरची बाई हाक द्यायला आली तेव्हा मी दारातच होते, पण तिनं माझ्या खांद्यावरून आत बघत आयला हाक दिली. मला त्यात काही वाटलं नाही. मी आयला म्हटलं, "तू बस, आज मी जातंय." कितीतरी दिवसांनी मला जावंसं वाटत होतं. हळदीच्या वासानं मळमळायचं थांबलं होतं. मी जुनं लुगडं नेसले, पदर खोचला आणि जवळजवळ पळतच गेले.

मांडवात बायकांनी माझं फार कौतुक केलं. कुणी गालावरून हात फिरवून बोटं मोडली, कुणी म्हणालं, गावात पहिली टेबलावर बसनारी पोरगी. मी हसत हसत रिकामं मुसळ उचललं. तेवढ्यात पारूआत्या उठली. तिनं माझ्या हातातलं मुसळ काढून घेतलं. हळूच काढलं, ओढलं नाही.

"तू नको, हिरे."

"का गो आते?"

"तुझे हात आता कागदाचे. हलद लागली तं परत डाग परंल. येकदा वाचलीस."

"आता कसला कागद, आते? परीक्षा झाली."

"नोकरीत कागद नाय का? रोज हाय." ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "हिला हात लावू देव नका कोनी." आणि बायकांनी माना डोलावल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. आयनं आत्याला सांगितलं होतं, आत्यानं सगळ्यांना. माझा पेपर आपल्यामुळे जाणार होता, असा घोर त्या साऱ्या बायकांनी उन्हाळाभर मनात बाळगला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"मंग भाकऱ्या थापतंय."

"बस गो तू. दमलेली असशील. साहेबीन हायस आता आमची."

कुणीतरी पाहुण्यांसाठी आणलेल्या लोखंडी खुर्च्यांतली एक उघडली आणि उखळांपासून लांब, कोरड्या जागेत ठेवली. हातात थंड्याची बाटली दिली. माझ्याऐवजी आमच्या घरच्या वाट्याचं मुसळ दुसऱ्याच घरातल्या एका मुलीनं उचललं. रागानं नाही, आनंदानं. आत्या खाली बसली, तिनं गळा साफ केला आणि धवला सुरू केला. बायकांनी ओळ उचलली, मुसळं पडायला लागली.

मला ओरडावंसं वाटत होतं, की अगं, मला डाग चालेल. पण इतक्या मायेनं दिलेल्या खुर्चीवरून उठायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बाटली संपली तशी मी ती खाली ठेवली. हातांचं काय करावं ते कळेना, तेव्हा ते मांडीवर ठेवले. मी पास झाले होते आणि त्या मांडवात मला काही काम नव्हतं.